वजाचं चिन्ह

काशीद गुरुजींनी तेवीस दिवसांत डाव्या हाताने एकही घास खाल्ला नव्हता. उजवा हात लाकडासारखा पडून होता, डावा चांगला धडधाकट होता, समोर ताट वाढलेलं होतं आणि पोटात भूक होती. तरी नाही. त्यांची बायको शालनबाई घास करून तोंडाशी न्यायच्या, तेव्हा दोन-तीन घास कसेबसे घ्यायचे आणि मग भिंतीकडे तोंड फिरवायचे. इस्पितळात नाकातून घातलेली नळी त्यांनी स्वतः उपसून फेकली होती आणि गंमत म्हणजे ती डाव्या हातानेच. नळी उपसायला डावा चालतो, जेवायला चालत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा हट्ट, त्याला कोण काय समजावणार!

एका सकाळी दाढी करता करता मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि उजवं अंग गेलं. बरोबर वाचाही गेली. समजायचं सगळं, पण बोलता येत नव्हतं. उजव्या हाताला टाचणी टोचली तरी पत्ता लागत नव्हता. वजन अडुसष्टवरून अठ्ठावन्नवर उतरलं. तेविसाव्या दिवशी शालनबाईंनी मुलाला फोन केला.

"सुज्या, तू येणार हाईस का न्हाई? हे असंच चाललं तर माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरत्याल. लोकांसाठी येवढी यंत्रं करतोस की रं, बापासाठी एक आण."

सुजितच्या कोल्हापूरपासून कागलचं घर वीस किलोमीटर. सुजित त्या घरी पावणेदोन वर्षांत गेला नव्हता. वय त्रेचाळीस, लग्न मोडून सहा वर्षं झालेली, आणि बापाचा विषय निघाला की चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाणारा माणूस. यालाही कारण होतं. सुजित डावखुरा जन्मला होता आणि त्याचा बाप, म्हणजे अण्णा, गावातल्या शाळेचा मुख्याध्यापक होता.

मुख्याध्यापकाचं पोर डाव्या हाताने जेवतं, डाव्या हाताने प्रसाद घेतं, हे चारचौघांत शोभत नव्हतं. जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसायचं, असा घरात नियम. हात बाहेर आला की ताट उचललं जायचं. शाळेत अण्णा त्याचा डावा हात सुतळीने बाकाच्या पायाला बांधायचे आणि सुटला तर लाकडी पट्टीची कड बोटांच्या पेरांवर यायची. हे दुसरीपासून चौथीपर्यंत चाललं. चौथीत सुजितने उजव्या हाताने अख्खा फळा भरून सुवाच्य लिहिलं, तेव्हा अण्णांनी वर्गासमोर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आलास माणसांत."

सुजित तेव्हापासून उजव्या हाताने लिहितो आणि जेवतो. प्रत्येक अर्जावर सवयीच्या हातासमोर 'उजवा' असंच भरतो. एकटा असला की स्क्रू मात्र डाव्या हाताने पिळतो. आणि बापाचा राग राग करतो. पण त्या रागाला इतकी वर्षं एक टेकू होता. अण्णा अडाणी आहेत, उजव्या माणसाला डाव्याचं दुःख काय कळणार, असं तो स्वतःला सांगत आला होता. तेवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

सुजित पूर्वी 'भिंगरी' नावाच्या गेम कंपनीत होता. तिथे त्याने कुस्तीचा एक गेम केला. खऱ्या पैलवानांना आखाड्यात उतरवून त्यांचे डाव टिपले, पण फक्त उजव्या बाजूचे. डाव्या बाजूचे डाव पुन्हा कोण टिपत बसणार? उजव्याचे आरशात धरल्यासारखे उलटे करून घेतले. गेम बाजारात आला आणि पोरं हसून हसून लोळायला लागली. मधेच एखाद्या पैलवानाचा हात मनगटापासून गर्रकन फिरायचा आणि तळवा भलतीकडेच तोंड करायचा. लोकांनी त्याच्या चित्रफिती करून गावभर वाटल्या. सुजितही हसला. रात्रंदिवस त्याच कामात असलेल्या माणसाला चूक कुठे आहे ते लगेच कळलं होतं.

पडद्यावरचा हात म्हणजे खरं तर सोळा आकड्यांचं एक कोष्टक. हात कुठे आहे, कुठल्या दिशेला वळला आहे आणि केवढा आहे, या तिन्ही गोष्टी त्या कोष्टकात वरण-भातासारख्या कालवलेल्या असतात. पडद्याला त्याचं काही नाही. पण धिप्पाड पैलवानाचा डाव बुटक्या पैलवानाला द्यायचा असेल, तर त्या तिन्ही पुन्हा वेगळ्या काढाव्या लागतात. जागा सोपी. ती शेवटच्या रकान्यात सरळ लिहिलेली असते, तिथून उचलायची. उरलेल्या आकड्यांत तीन बाण दडलेले असतात. एक बाजूला रोखलेला, एक वर आणि एक पुढे. बाणाची लांबी म्हणजे माप. त्या लांबीने बाणाला भागलं की माप निघून जातं आणि मागे राहतं ते निव्वळ वळणं.

गोम आहे ती लांबीत. लांबी काढताना आकड्यांचे वर्ग करायचे, त्यांची बेरीज करायची, वर्गमूळ घ्यायचं. वर्ग केला की वजाचं चिन्ह गळून पडतं. तीनचा वर्ग नऊ आणि वजा तीनचाही नऊच. त्यामुळे आरशातून उलटा होऊन आलेला हात लांबीवरून ओळखूच येत नाही. डाव्या हाताचा हातमोजा कितीही फिरवला तरी उजव्याचा होत नाही. हे गणित मात्र तो फिरवून फिरवून बसवायला बघतं. तीनपैकी एक बाण उलटा मानला की हिशेब जुळतो, पण कुठला, ते कोष्टक सांगत नाही. एका क्षणी बाजूचा बाण उलटा धरला आणि पुढच्या क्षणी वरचा, की मधल्या मधे हात बरोबर अर्धा गरका घेतो.

पडद्यावर त्याला हसता येतं. पण भिंगरी सोडून सुजितने 'सांगाती' नावाची छोटी कंपनी काढली आणि तेच गणित माणसाच्या अंगावर चढवलं.

तिच्या यंत्राला सगळे नुसती 'बाही' म्हणत. खांद्यापासून बोटांपर्यंत मेलेल्या हातावर चढवायची. आत चिमुकल्या मोटारी. बाही चांगल्या हाताकडे बघते, त्याची हालचाल आरशासारखी उलटी करते आणि ती मेलेल्या हाताकडून करवून घेते. डावा हात रिकामाच उचलून तोंडाशी नेला, तर उजवा घास घेऊन तोंडाशी येतो. दोन हजार एक्केचाळीस सालापर्यंत अशा शंभरेक बाह्या लोकांच्या अंगावर होत्या आणि सुजितच्या कपाटात आभाराची पत्रं होती.

मोटारीला सोळा आकडे कळत नाहीत, तिला फक्त किती वळायचं ते कळतं. म्हणून बाहीतही वळणं वेगळी काढावी लागत, आणि उलटा बाण कुठला, हा जुना प्रश्न तिथेही होताच. सुजितने तो असा सोडवला होता. रुग्ण उजवा की डावखुरा हे अर्जात भरायचं. त्यावरून बाही आपल्याजवळच्या हजारो निरोगी माणसांच्या हालचालींशी त्याच्या हालचाली जुळवून बघते आणि उलटा बाण एकदाच पक्का करते. आता समजा, अर्ज सांगतो उजवा आणि शरीर सांगतं डावखुरा, तर काय करायचं? अर्जावर विश्वास ठेवायचा. "डॉक्टरी कागदावर माणूस खोटं कशाला लिहील?" असं सुजित बैठकीत ठासून म्हणाला होता. ज्याने जन्मभर तेवढंच एक खोटं लिहिलं, तो.

आईच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी तो बाही घेऊन कागलला आला. बरोबर तबस्सुम मुजावर होती. कंपनीची फिजिओथेरपिस्ट, वयाने लहान पण कामाला चोख. तिच्या देखरेखीशिवाय कोणाला बाही चढत नसे.

अण्णा पलंगावर उशांना टेकून बसले होते. गालफडं बसली होती, दाढी मात्र गुळगुळीत. शालनबाईंकडून रोज करून घेत होते. सुजितला बघून त्यांनी मान किंचित हलवली, जशी ते उशिरा आलेल्या शिक्षकाकडे बघून हलवायचे.

तबस्सुमने अर्जाची डिजिटल पाटी त्यांच्यापुढे धरली. "काका, हे तुमचं तुम्हालाच भरायचंय हं. दुसऱ्याचं बोट चालत नाही. सवयीचा हात कुठला?"

अण्णांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं आणि 'उजवा' या शब्दावर ठेवलं. क्षणाचाही वेळ लावला नाही.

मग डाव्या हाताच्या हालचाली टिपायच्या होत्या. बरणीचं झाकण फिरवणं, उभ्या तारेत मणी ओवणं, हवेत गोल काढणं. ज्याने जन्मभर सगळं उजव्याने केलं त्याचा डावा हात अशा वेळी बावचळतो, अडखळतो. अण्णांनी एकामागून एक अकरा मणी ओवले. तबस्सुम पडद्यावरच्या रेघांकडे बघत राहिली आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "सर, जरा इकडे या."

ती काही सांगणार त्याआधी नेहमीचा रिवाज पाळायचा होता. माणसाला चढवण्याआधी बाही रबरी हातावर चालवून बघायची. आत प्लास्टिकची हाडं असलेला हा हात ते पेटीत घालून फिरवत. बाहेरच्या ओट्यावर रबरी हात ठेवला, अण्णांच्या टिपलेल्या हालचाली सुरू केल्या. हात ताटापाशी गेला, चिमूट केली, वर उठला. छातीच्या उंचीला आला आणि मनगट गर्रकन फिरलं. आत कडाड् आवाज झाला. तळवा बाहेर गेला होता, आणि हात तसाच पुढे तोंडाच्या जागी जाऊन नीट थांबला.

"या अल्ला!" तबस्सुमने तोंडावर हात घेतला.

सुजितने आकडे बघितले. छातीच्या खाली बाजूचा बाण उलटा, छातीच्या वर वरचा बाण उलटा. अर्ज एक सांगत होता, शरीर दुसरं. बाही अर्जाचं ऐकत होती आणि शरीराशी कसंबसं जुळवून घेत होती, म्हणून एकदाच पक्का व्हायचा बाण मधेच बदलत होता.

"सर, काका डावखुरे आहेत," तबस्सुम म्हणाली.

सुजित हसला. खरंच हसला. मग त्याने पुन्हा आकडे बघितले, आणि उठून स्वयंपाकघरात गेला.

शालनबाई भाकरी थापत होत्या.

"आई, अण्णा डावखुरे आहेत?"

थापणं थांबलं नाही, हात तेवढा मंदावला. "कुणी सांगितलं?"

"यंत्रानं."

"लग्नाला दुसरं वरीस हुतं," त्या परातीकडेच बघत बोलू लागल्या. "परड्यात एकलेच नारळ सोलत बसले हुते. कोयता डाव्या हातात. आन् काय हात चालत हुता, सपासप! मला बघितलं आन् कोयता टाकून दिला, साप धरल्यागत. मग देवापुढं नेऊन शपथ घातली मला. पोराबाळांस्नी बी सांगायचं न्हाई म्हणून."

"आणि त्यांच्या डाव्या तळहातावरचा डाग? तो फटाक्याचा ना?"

"कुठला फटाका! तुझ्या आज्ज्यानं चुलीतलं कोलीत धराय लावलं हुतं. सा वर्साचे हुते. म्हातारीनं सोडवलं म्हणून हात ऱ्हायला." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "आता बोलू नगंस त्येंच्यापाशी. मेल्याहून मेल्यागत हुईल."

या ठिकाणी सुजितला दया आली असती, तर ही गोष्ट सांगण्यात काही अर्थ नव्हता. सहा वर्षांचं पोर, हातात जळकं लाकूड, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. आणि त्याला आला तो संताप, आयुष्यात कधी आला नव्हता असा. म्हणजे याला ठाऊक होतं! सुतळी मनगटात कशी रुतते, पेनाचं टोक भलत्या बाजूला कसं ओढलं जातं, पाढा येत असूनही फळ्यापाशी जायची भीती कशी वाटते, हे सगळं या माणसाला आतून माहीत होतं. माहीत असून केलं. रागाचा जुना टेकू गेला होता आणि आता राग सगळाच्या सगळा अंगावर आला होता.

तबस्सुम अंगणात वाट बघत होती. "सोपं आहे ना सर? हिशेबाच्या ओळीत एक वजाचं चिन्ह टाका. अर्ज राहू दे तसाच. काकांना कळायचंसुद्धा कारण नाही. आज दुपारी आपल्या हाताने जेवतील."

"अर्ज त्यांनी बदलायचा. त्यांच्या बोटाने."

"कशाला पण?"

"नियम आहे."

"नियम तुम्हीच लिहिलाय." ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "सर, तुमच्या घरातलं काय असेल ते असेल. तो माणूस उपाशी आहे."

"बघतो मी."

"बघू नका, चिन्ह टाका. मला निपाणीचा पेशंट आहे, चारला परत येते. माझ्याशिवाय बाही चढवायची नाही. कबूल?"

"कबूल," सुजित म्हणाला.

ती गेली. सुजितने लॅपटॉप उघडला आणि ती ओळ काढली. चिन्ह टाकायला एक कळ पुरे होती. तो त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसला. मग लॅपटॉप मिटला आणि बाहीसकट रबरी हात घेऊन अण्णांच्या खोलीत गेला.

"अण्णा," त्याने खुर्ची ओढली. आवाज अगदी गोड होता, त्याच्याच कानांना ओळखू येईना असा. "आपण एक प्रश्न सोडवू या. उत्तर दोनपैकी एक आहे. आधी हे बघा."

त्याने रबरी हात मांडीवर धरला आणि हालचाल सुरू केली. छातीच्या उंचीला गरका, कडाड्. पुन्हा सुरू केली. पुन्हा कडाड्. अण्णा टक लावून बघत होते.

"अर्जात खोटं लिहिलं की असं होतं. खरं लिहिलं की काही होत नाही. उजव्या हाताने तुम्ही आज जेवू शकता, अण्णा. भाकरी कालवून, आपल्या हाताने. फक्त इथे बोट ठेवायचं." त्याने पाटी पुढे धरली. "सवयीचा हात?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या शालनबाईंकडे पाहिलं. शालनबाईंनी पदर तोंडात धरला होता. अण्णांना कळलं. घशातून काहीतरी घोगरं निघालं. मग डावं बोट उचललं आणि 'उजवा'वर ठेवलं.

"अण्णा, मला माहीत आहे. आईने सांगितलंय. आता लपवायचं काही उरलं नाही. इथे कोण आहे? मी आहे, आई आहे. बास. एकदा बोट ठेवा."

'उजवा'.

"एवढं काय आहे त्यात? मी ठेवलंच असतं की. पण मला कोणी विचारलं नव्हतं. सुतळी बांधण्याआधी कोणी विचारतं का?" गोडवा आता संपला होता. "तुम्हाला मी विचारतोय. तिसऱ्यांदा विचारतोय."

'उजवा'. बोट इतक्या जोराने आलं की पाटी त्याच्या हातातून निसटली.

शालनबाई पुढे आल्या. "अरं, मी ठेवते की बोट. डावा लिव, हाय काय आन् न्हाई काय त्यात!"

"तुझं चालत नाही, आई."

"मग तुझ्या हातात हाय न्हवं काहीतरी? तू केलंयस हे यंत्र. तुला आतनं बदलता येत न्हाई?"

तबस्सुमने हेच सुचवलं होतं तेव्हा त्याने नियमाची ढाल पुढे केली होती. आईपुढे ती चालली नसती. त्याने जमिनीकडे बघत सांगितलं, "नाही येत."

आता दोन वाटा होत्या. बाही पेटीत घालायची आणि चारची वाट बघायची, ही एक. सुजितने पेटीकडे हात नेलासुद्धा. तेवढ्यात अण्णांनी घसा खाकरला. डाव्या हाताने त्यांनी आधी बाहीकडे बोट केलं, मग आपल्या उजव्या खांद्याकडे आणि मग ताटाकडे. चेहऱ्यावर तोच भाव होता, वर्गात हात वर न करणाऱ्या पोराला उभं करताना असायचा तो. भितोस काय?

"चढवू?" सुजितने विचारलं.

अण्णांनी मान हलवली.

त्याने बाही चढवली. तीन आठवडे न हललेला हात ताठरला होता, कोपर दुमडेना. अशा वेळी मोटारींचा जोर वाढवावा लागतो. सुजितने जोर शेवटच्या खुणेपर्यंत नेला. रबरी हाताच्या हाडापेक्षा म्हाताऱ्याचं हाड कच्चं, हे त्याला माहीत होतं. शालनबाईंनी दुधात भाकरी कुस्करून ताट मांडीवर ठेवलं. त्यांना वाटत होतं की पोरगा बापाला घाबरवतोय. शेवटी काही होऊ देणार नाही. आपलंच रक्त आहे.

सुजितने खटका दाबला.

अण्णांचा डावा हात रिकाम्या हवेत खाली गेला, बोटं जुळली. उजवा हात ताटात उतरला आणि त्याने काल्याची चिमूट केली. तेवीस दिवसांनी आपला उजवा हात आपल्या ताटात बघून म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. शालनबाई "अगं बाई" म्हणून हसल्या. डावा हात वर निघाला, उजवाही निघाला, घास घेऊन, सावकाश, डौलदार.

छातीच्या उंचीला मनगट फिरलं. वाळकी काटकी पायाखाली यावी तेवढाच आवाज झाला.

शालनबाई किंचाळल्या. तळवा बाहेर आला होता, अंगठा भलतीकडे होता आणि मनगटाशी, बाहीच्या पट्ट्यांमधे, कातडीखाली काहीतरी टोकदार वर आलं होतं. बाहीला त्याचं काय? हाताची जागा बरोबर होती आणि माप बरोबर होतं. घास ठरल्या ठिकाणी, तोंडासमोर येऊन थांबला. अण्णांना काही दुखलं नाही, त्या हाताला काही कळतच नव्हतं. त्यांनी त्या उलट्या पंज्याकडे एकवार बघितलं, मान पुढे केली आणि बोटांतला घास ओठांनी ओढून घेतला.

ते चावायला लागले. सावकाश, चवीने. आणि चावता चावता त्यांनी सुजितकडे पाहिलं. त्या नजरेत वेदना असती, भीती असती, विनवणी असती तरी सुजितला चाललं असतं. त्याची त्याने सकाळपासून तयारी केली होती. त्या नजरेत समाधान होतं. उजव्या हाताने जेवणाऱ्या माणसाचं साधं समाधान.

डावा हात पुन्हा खाली गेला.

"बंद कर!" शालनबाई मुलाच्या दंडाला ओढत होत्या. "अरं बंद कर, मुडद्या, हात गेला त्येंचा!"

दुसरा घास उठला. छातीशी पुन्हा गरका आणि या वेळी आवाज ओला होता. बाहीच्या कडेतून लाल रेघ निघून दुधात उतरली. अण्णांनी मान पुढे केली आणि घास घेतला.

हे सुजितला हवं होतं का? हवं होतं, खोटं कशाला बोला. हात मोडताना बघायचा होता आणि मोडल्यावर त्या डाव्या बोटाकडून कबुली घ्यायची होती. हात मोडला होता. कबुली आली नव्हती, येणारही नव्हती. त्याचं बोट खटक्याकडे गेलं.

अण्णांचा डावा हात झेपावला आणि त्याने सुजितचं मनगट पकडलं. काय पकड होती ती! सत्तर वर्षं लपवून ठेवलेल्या हातात एवढा जोर असेल असं कोणाला वाटलं नसतं. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बाहीतल्या मोडक्या हाताच्या बोटांनीही हवेत तसंच काहीतरी आवळून धरलं. अण्णांनी सुजितचा हात खटक्यापासून दूर सारला, सोडून दिला, आणि तिसऱ्या घासासाठी डावा हात खाली नेला.

शालनबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, डोळे मिटून, देवाचं नाव घेत. खटका हाताशी होता. आता सुजितला कोणीच अडवत नव्हतं.

त्याने ताटाकडे पाहिलं. अजून अर्ध्याहून जास्त काला शिल्लक होता.